टाक्याआधीचं काम

गोधडीविषयी बोलताना आपण टाक्यांविषयी बोलतो. धावदोरा किती बारीक, ओळी किती सरळ, ठिगळांचे रंग कसे जुळले. टाका डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. पण टाका घालण्याआधी कापडाचे तुकडे करावे लागतात, आणि ते कसे केले जात याविषयी फारसं लिहिलं जात नाही. झाशीतल्या मराठी घरात वाढल्यामुळे हे काम मी लहानपणापासून पाहिलं. गोधडीतली निम्मी अक्कल तिथेच खर्ची पडते, असं माझं मत झालं आहे.

झाशीत मराठी घरं वसली ती अठराव्या शतकात. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ल्याच्या आश्रयाने शहर वाढवलं आणि दक्षिणेतली कुटुंबं इथे आली. बुंदेलखंडातला उन्हाळा जितका कडक तितकीच हिवाळ्यातली पहाटही बोचरी. त्यामुळे पांघरुणाची गरज खरी होती. आमच्याकडे आजही दोन शब्द शेजारी नांदतात: आपली ती गोधडी, आणि शेजारच्या बुंदेली घरातली ती कथरी. वस्तू जवळजवळ एकच, जुन्या सुती कापडाचे थर एकत्र शिवलेली.

जुनं कापड म्हणजे टाकाऊ कापड नव्हे. १८५८ च्या वेढ्यानंतर झाशी लुटली गेली. तेव्हा शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्या लुटीची हकिकत लिहून ठेवली आहे. सोन्यानाण्यापाठोपाठ भांडी, कपडे, धान्य यांचीही पाळी आली. म्हणजे अंगावरचं लुगडंसुद्धा लुटण्याजोगी मालमत्ता होती. अशा कापडाला सहजी कात्री लागत नसे.

लुगड्याला ठरलेला आयुष्यक्रम असे. मधोमध ते विरलं की विरलेला भाग काढून उरलेले दोन भाग जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडंही झिजलं की त्याचे धडपे व्हायचे. धडप्यांची गोधडी, त्यातल्या मऊ तुकड्यांची बाळाची दुपटी, आणि शेवटी पोतेरं. गोधडी शिवणारीच्या हाती कापड यायचं ते असं दोनतीन जन्म घेऊन.

आता हिशोब पाहा. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर लांब. पन्हा सव्वा वाराच्या आसपास. त्याचे आडवे चार भाग केले की प्रत्येक भाग सव्वादोन वारांचा. दोन भाग शेजारी शेजारी जोडले की माणूस झोपेल एवढा एक थर तयार. एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही थर बसतात, आणि त्यासाठी फक्त तीन ठिकाणी कापड तोडावं लागतं. मोजमाप हाताने, वितीने आणि बोटांनी. मात्र एका गोधडीचं माप एकाच बाईने घ्यायचं, कारण एकीची वीत दुसरीच्या वितीशी जुळत नाही.

तोडायचं म्हणजे बहुधा टरकवायचं. काठ जाड, म्हणून तिथे दाताने किंवा कात्रीच्या टोकाने खाच द्यायची, दोन्ही बाजू चिमटीत धरायच्या आणि एका दमात ओढायचं. साध्या विणीचं सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. कितीही धारदार कात्री घ्या, हात हलला की रेषा हलते. फाडताना रेषा कापडच आखतं. तुकडा लहान किंवा कापड नाजूक असेल तर एक सूत ओढून काढायचं. त्याच्या जागी जी बारीक वाट दिसते, तिच्यावरून कात्री चालवायची.

कापड विरलं असेल तर फाट सरळ जात नाही, मध्येच वाकडी होते. तिथे शिवणारीला कळतं की हा भाग वरच्या थराला नको, आत घाला. वर कोणतं कापड, पोटात कोणतं, दुपट्याला कोणतं, हे ती फाडता फाडताच ठरवत असे. नुसती कात्री चालवून हे कळत नाही.

या पद्धतीला मर्यादा होतीच. फाडून चौकोन आणि पट्ट्या मिळतात, त्रिकोण मिळत नाही, कारण तिरकी रेषा धाग्याच्या दिशेने जात नाही. इंग्लंडमध्ये यासाठी कागदाचे साचे वापरत. १७१८ हे साल ठिगळांतच घातलेलं एक रेशमी पांघरूण तिथे जपलेलं आहे, ते अशाच कागदी साच्यांवर शिवलेलं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांनी वेगळी वाट काढली. त्यांची कवंदी कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे जाते, हाताला येईल ते ठिगळ दुमडून बसवत. कोपऱ्यांवर लावायच्या त्रिकोणी ‘फुलां’साठी त्या चिंधीच्या घड्या घालतात.

कात्र्या आमच्याकडे होत्या, त्याही मेरठच्या. भंगारातल्या पोलादाची पाती, पितळी मुठी. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी अशी त्यांची ख्याती. पण घरात कात्री एकच, आणि ती रिकामी वाजवली तर भांडणं होतात म्हणून मुलांच्या हाती न लागणारी. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल फिरत्या पात्याचं कटर आणलं आणि जगभरच्या गोधड्यांचं काम पालटलं. पाच-सहा थर एकदम कापले जातात, त्रिकोणही बिनचूक येतात, दुखऱ्या बोटांना आराम मिळतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या घरांतलं टरकवणं मात्र त्या कटरने संपवलं नाही. ते संपवलं नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांनी आणि टेरिकॉटने. आमच्याच जिल्ह्यातलं रानीपूर टेरिकॉटसाठी ओळखलं जातं. कृत्रिम धागा लवकर विरत नाही, सुतासारखा निमूट फाटत नाही, आणि धुऊन धुऊन मऊही होत नाही. कापडाचे ते दोनतीन जन्मच उरले नाहीत, तेव्हा त्याची पारख करणाऱ्या हातांनाही काम उरलं नाही.

आता गोधड्या प्रदर्शनांत मांडल्या जातात, ही चांगलीच गोष्ट. त्यांच्या पाटीवर टाक्याचं नाव असतं, गावाचं असतं, कधी बाईचंही असतं. त्यात आणखी एक ओळ हवी: कापड फाडलेलं की कापलेलं. ते ओळखणं अवघड नाही. घरातली जुनी गोधडी जिथे उसवली असेल तिथे आतली कड बोटाने चाचपून पाहा. कड सपाट असेल तर ती कात्रीची. बारीक सुतांची लव हाताला लागली, आणि कडेचा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेला दिसला, तर ते कापड कुणीतरी एका दमात फाडलं होतं.