नर्मदा डायरी

नर्मदा डायरी : सरदार सरोवर धरणाविरुद्ध नर्मदा खोऱ्यातील आदिवासींनी व शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्याचा माहितीपट (1995). दिग्दर्शक आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू. लांबी सुमारे एक तास. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे फिल्मफेअर पारितोषिक (1996).

धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 1961 साली झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 मध्ये निवाडा देऊन उंची 455 फूट (138.68 मीटर) ठरवली. एकूण 245 गावे बुडिताखाली येणार होती. त्यांतली 33 महाराष्ट्राची, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी भागांतली. धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राला मिळायचा होता. बदल्यात डोंगर, जंगल आणि नदीकाठची शेती जाणार होती ती भिल, पावरा, तडवी कुटुंबांची.

या लढ्याची मुळे ब्रिटिश अमदानीत आहेत. जमीन ताब्यात घेण्यासाठी सरकारच्या हाती 1894 चा भूसंपादन कायदा होता. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी याच कायद्याने गेल्या आणि 1921 मध्ये सेनापती बापटांसह शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. नर्मदेकाठी त्यात 1927 च्या वन कायद्याची भर पडली. अक्राणीतील अनेक गावे वनगावे होती; तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालवणाऱ्याच्या नावे सातबारा नव्हता आणि सरकारदप्तरी तो अतिक्रमणदार ठरत होता. लवादाने मान्य केलेली किमान दोन हेक्टर पर्यायी जमीन खातेदारासाठी होती. ज्याचे खातेच नाही, त्याची शेती बुडाली तरी कागदावर काहीच बुडत नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’मध्ये सावकारापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आणला होता. त्या शेतकऱ्याची जमीन निदान त्याच्या नावावर होती. नर्मदेकाठच्या आदिवासीला तेवढाही आधार नव्हता.

म्हणूनच या माहितीपटाचे मोल पुराव्याचे आहे. ज्यांची नोंद महसूल खात्याने ठेवली नाही, त्यांची घरे, शेते, सण, सभा आणि बोलणे कॅमेऱ्याने टिपून ठेवले. रोजनिशीचा घाट त्याला शोभतो : आंदोलन जसजसे पुढे गेले तसतसे चित्रण होत गेले. मोर्चे, पोलिस बंदोबस्त, अपुरे पुनर्वसन आणि ‘डूबेंगे, पर हटेंगे नहीं’ म्हणणारी माणसे त्यातून दिसत राहतात. चित्रपट तटस्थ असल्याचा आव आणत नाही, तो आंदोलनाच्या बाजूने उभा आहे. हा दोष मानणाऱ्यांनी धरणाची बाजू मांडणाऱ्या सरकारी प्रचाराचा पसाराही मोजावा.

महाराष्ट्रातील बुडिताचे पहिले गाव मणिबेली, ता. अक्कलकुवा. 1993 च्या पावसाळ्यात तिथली घरे पाण्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धडगाव भागात चिंचखेडी येथे पोलिस गोळीबारात एक आदिवासी मुलगा ठार झाला. आंदोलनाचा दबाव दूरवर पोहोचला होता : जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते, पण बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर (1992) उरलेली रक्कम भारत सरकारने मार्च 1993 मध्ये नाकारली. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणाऱ्या 1994 च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला मणिबेलीचेच नाव आहे.

याच लढ्यावर अली काझिमी यांचा ‘नर्मदा : अ व्हॅली रायझेस’ (1994), संजय काक यांचा ‘वर्ड्‌स ऑन वॉटर’ (2002) आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’ (2002) हेही माहितीपट आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामाला परवानगी दिली, न्या. भरुचा यांनी भिन्न मत नोंदवले. भूसंपादनाचा 1894 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून रद्द झाला. त्याआधी, 2006 च्या वनहक्क कायद्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले आणि जमिनीच्या दाव्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य ठरले. तोवर धरण 121.92 मीटरपर्यंत चढले होते.