उमरखेडवरून गेलेली रेषा आणि नेत्रिकेची निवड

बिदरजवळच्या दामरगिद्ड्यापासून अचलपूरजवळच्या टाकरखेड्यापर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती पैनगंगा ओलांडून उमरखेड, दिग्रस आणि दारव्हा यांच्या परिसरातून जाते. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या मध्यवर्ती रेखांशवृत्ताचा हा सुमारे ३३५ किलोमीटरचा टप्पा. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासला आरंभलेले मोजमाप १८२० नंतर या मुलखात पोचले, तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होते. नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले.

या सर्वेक्षणाचा इतिहास सांगताना यंत्रकार केरीने बनवलेल्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीचे, वर्णन हमखास येते. डोळ्याशी असणाऱ्या नेत्रिकेबद्दल, म्हणजे आयपीसबद्दल, मात्र फारसे कोणी बोलत नाही. खरे तर मोजणीच्या दुर्बिणीची अचूकता बरीचशी तिच्यावर अवलंबून असते. ख्रिस्तियान हॉयगेन्सने सतराव्या शतकात दोन बहिर्वक्र भिंगांची नेत्रिका केली. तिच्यात रंगांची झालर कमी दिसे आणि नुसते पाहायला ती उत्तम होती. पण वस्तुभिंगाने घडवलेली प्रतिमा तिच्यात दोन भिंगांच्या मधोमध पडते. कोन मोजण्यासाठी प्रतिमेच्या जागी बारीक तारांची फुली बसवावी लागते. ती नेत्रिकेच्या आतच बसवली, तर प्रतिमा दोन्ही भिंगांतून दिसते आणि तारा एकाच. मोजमापात खोट येते.

लंडनचा यंत्रकार जेसी रॅम्सडेन याने १७८३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या अडचणीवर उपाय मांडला. दोन्ही भिंगांच्या फुगीर बाजू एकमेकींसमोर ठेवल्या की प्रतिमा नेत्रिकेच्या बाहेर, पुढच्या अंगाला पडते. तारांची फुली तिथे बसवली की प्रतिमा आणि तारा दोन्ही सारख्याच मोठ्या होऊन दिसतात. शिवाय नेत्रिका बदलली तरी तारा जागच्या हलत नाहीत. त्यामुळे मोजणीच्या यंत्रांत ही रचना रूढ झाली. अक्षांश ठरवण्यासाठी लॅम्टन वापरत असलेले पाच फुटी झेनिथ सेक्टरही याच रॅम्सडेनच्या कारखान्यातले होते. या रचनेत दोषही होता. प्रतिमा भिंगाच्या पृष्ठभागालगत पडत असल्याने काचेवरचा धुळीचा कण मोठा होऊन दिसतो, आणि उन्हाळ्यातल्या वऱ्हाडात धुळीला तोटा नाही. रंगांची झालरही उरतेच. कार्ल केलनरने १८४९ मध्ये डोळ्याकडचे भिंग दोन काचा जोडून केले, तेव्हा ती बरीच कमी झाली. व्हिएन्नाच्या गेओर्ग प्लॉस्लने १८६० मध्ये दोन्ही भिंगे तशी जोडीची केली.

ही वंशावळ आजही नवशिक्याच्या हाती येते. स्वस्त, ६० मिलीमीटर व्यासाच्या दुर्बिणीबरोबर मिळणाऱ्या नेत्रिकांवर ‘एच’ किंवा ‘एसआर’ ही अक्षरे असतात: पहिले हॉयगेन्सचे, दुसरे रॅम्सडेनच्या समभिंगी रचनेचे. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलीमीटर असेल, तर ४ मिलीमीटरची ‘एसआर’ नेत्रिका १७५ पट वर्धन देते. व्यासाच्या मिलीमीटरची दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही उपयुक्त वर्धनाची ढोबळ कमाल मर्यादा. त्यापलीकडे चंद्र मोठा दिसतो, पण पुसट. ही नेत्रिका बाजूला ठेवणेच बरे.

म्हणून जादा नेत्रिका घेताना पहिली निवड लांब नाभीय अंतराची करावी. सव्वा इंची नळीतली ३२ मिलीमीटरची प्लॉस्ल या दुर्बिणीवर २२ पट वर्धन आणि सव्वादोन अंशांहून थोडे जास्त क्षेत्र देते. कृत्तिकांचा पुंजका त्यात पुरता मावतो. दुसरी १२ मिलीमीटरची, ५८ पट वर्धनाची, चंद्राची विवरे आणि गुरूचे उपग्रह पाहण्यासाठी. पीटर बार्लोच्या १८३० च्या दशकातल्या संशोधनावरून आलेले दुप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की तीच नेत्रिका ११६ पट देते आणि शनीचे कडे वेगळे दिसते. बार्लो असेल तर २० आणि १० अशी जोडी घेण्यात पैसा वाया जातो, कारण २० ची नेत्रिका बार्लोसह १० चेच काम करते. चष्मा लावून पाहणाऱ्यांना आखूड प्लॉस्ल गैरसोयीची पडते. तिच्यात डोळा भिंगाच्या अगदी जवळ न्यावा लागतो. जुन्या दुर्बिणींची नळी ०.९६५ इंचाची असते आणि तिच्यात सव्वा इंची नेत्रिका बसत नाही. तेव्हा खरेदीआधी नळी मोजावी.

वर्धनाची अखेरची मर्यादा हवा घालते. लॅम्टनची पथके तापाचा धोका पत्करूनही पावसाळ्यात आणि त्यानंतर काम करत, कारण तेव्हा दूरवरचे स्पष्ट दिसे. एव्हरेस्टने पुढे रात्रीच्या दिव्यांवर निरीक्षणे घेण्याची पद्धत रुळवली. यवतमाळच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत तापलेला खडक संध्याकाळनंतरही उष्णता सोडत राहतो आणि ग्रहाची कडा थरथरते. अशा वेळी १२ मिलीमीटरचीच नेत्रिका ठेवावी. बार्लोचा उपयोग हवा स्थिर असलेल्या रात्रीसाठी.