स्पार्कस्टेशन २० : अंतर्गत सुधारणा

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९४ मध्ये विक्रीस काढलेले, पिझ्झाच्या खोक्यासारख्या चपट्या पेटीतील वर्कस्टेशन. जागा, वीज आणि हवा या तिहींची पेटीत तंगी असूनही भाग बदलण्याची सोय मात्र कारखान्यानेच सढळ हाताने ठेवलेली असल्यामुळे, जुनी यंत्रे वापरात ठेवू पाहणाऱ्यांच्या नजरेत ते आजही भरते.

प्रोसेसर : मूळ फलकावर एमबसच्या दोन खाचा असून प्रत्येकीत एक वा दोन प्रोसेसरांचे कार्ड बसते. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या चित्रपटाची दृश्ये ज्या ११७ यंत्रांवर सिद्ध झाली ती याच जातीची होती. त्यांपैकी ८७ यंत्रांत दोन व ३० यंत्रांत चार प्रोसेसर होते. सुपरस्पार्कच्या जागी रॉस टेक्नॉलॉजीचे हायपरस्पार्क घालता येते. मात्र जुन्या प्रॉमला ते ओळखता येत नसल्यास प्रॉमची चिपही बदलावी लागते. चार प्रोसेसरांची उष्णता या पेटीस दीर्घकाळ सोसते किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत.

मेमरी : आठ खाचा, प्रत्येकीत ६४ मेगाबाइटची पट्टी घातल्यास कमाल ५१२ मेगाबाइट.

कालमापक चिप : सुधारणेच्या उत्साहात बहुधा उपेक्षिला जाणारा, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांआधी हाती घ्यावयाचा भाग हाच होय. एम४८टी०८ या जातीच्या या एकाच चिपमध्ये घड्याळ, स्मृती, स्फटिक आणि लिथियमची विद्युत्घटिका अशी सारी मंडळी एका छपराखाली नांदतात. घटिकेची मुदत सुमारे दहा वर्षांची असल्यामुळे ती संपताच स्मृतीतील १६ बाइटांचा ओळख-दाखलाही नष्ट होतो. या दाखल्यात यंत्राच्या जातीचा अंक (षोडशमान पद्धतीत ७२), ०८:००:२० ने आरंभ होणारा इथरनेटचा पत्ता, निर्मितीची तारीख, अनुक्रमांक आणि सरतेशेवटी, आधीचे पंधराही बाइट बिनचूक असल्याची ग्वाही देणारा पडताळा-बाइट, एवढा ऐवज असतो. तो गेला म्हणजे यंत्र चालू होताना दाखला अवैध असल्याची तक्रार करते, सारेच अंक एफ असलेला पत्ता धारण करते, आणि यंत्राच्या ओळख-क्रमांकाशी जखडलेले सॉफ्टवेअरचे परवाने नामंजूर होतात. यावर दोन तजविजी रूढ आहेत : नवी चिप बसविणे, अथवा जुन्या चिपचे वेष्टन कोरून, आतील घटिकेचा संबंध तोडून, बाहेरून नाण्याच्या आकाराचा सेल जोडणे. दुसरी स्वस्त खरी, पण कानशीचा हात जरा घसरला तर चिप कायमची निकामी होते. दोहोंतही पुढे ओपनबूटच्या ‘ओके’ या सूचनेपाशी ‘एमकेपी’ या आज्ञेने दाखला बाइटागणिक पुन्हा लिहावा लागतो. म्हणून इथरनेटचा पत्ता चिप जिवंत असतानाच दप्तरी नोंदवून ठेवणे शहाणपणाचे, कारण मागाहून तो शोधणे म्हणजे हरवलेल्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी खेटे घालणे होय.

डिस्क : एक इंच जाडीच्या, ८० टोकांच्या जोडणीच्या दोन स्कझी डिस्क आत मावतात.

विस्तारपत्रे : एसबसच्या चार खाचा. मूळचे इथरनेट १० मेगाबिटचे असल्याने त्यांपैकी एक खाच १०० मेगाबिटच्या कार्डाकडे जाते.

कार्यप्रणाली : सोलॅरिस ९ पर्यंत, सोलॅरिस १० मध्ये या ३२ बिटी यंत्रांचा आधार काढून घेतला गेला. नेटबीएसडी चालते.