तळटीप : ‘काळपुळी’

काळपुळी.— मानेवर किंवा पाठीवर उठणारे, अनेक तोंडांनी वाहणारे हे गळू लेखकाने तत्कालीन समजुतीस अनुसरून रक्तदोषाच्या सदरात दाखल केले आहे. वस्तुतः अशा पुवात द्राक्षांच्या घोसाप्रमाणे पुंजक्यांनी राहणारे गोल सूक्ष्मजंतू असतात आणि तेच या दाहाचे कारण होत, हे अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली सप्रमाण सिद्ध केले. गळवातला पू टोचला की उंदरांना गळवे होत. तोच पू तापवून वा कार्बॉलिक अम्लाने निर्जंतुक करून टोचला तर काहीच होत नसे : इतकी साधी आणि इतकी निरुत्तर करणारी ही साक्ष होती. ‘स्टॅफिलोकोकस’ हे त्यांनी योजलेले नाव द्राक्षघोसाच्या ग्रीक शब्दावरूनच आले. हे जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात निरुपद्रवीपणे वस्ती करून असतात. परंतु त्वचेला छेद गेला, मधुमेहाने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, किंवा (लेखकाने सुचविलेला हा उपाय वाचकांनी कृपा करून योजू नये) पुळी नखाने पिळली, म्हणजे ते रक्तात शिरून अस्थी व हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकतात. पुढील परिच्छेदात वर्णिलेली हुडहुडी व ज्वर यांचा उगम बहुधा येथेच असावा.— संपादक