रद्द झालेल्या खेळांची वॉर डायरी

या मालिकेत आपण लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळायला लागले की काय! तसे नाही. कारण घरातलेच आहे.

माझा भाचा इथे चेन्नईत एका कंपनीत कामाला होता. परदेशी स्टुडिओच्या एका गेमसाठी तो संगणकावर शहर उभे करत होता. रस्ते, भिंती, जिने, खिडक्या. तीन वर्षे हेच काम. एके दिवशी सकाळी निरोप आला, गेम रद्द. करार असा की त्या गेमचे नावसुद्धा बाहेर काढायचे नाही. पुढे दुसऱ्या नोकरीसाठी मुलाखतीला गेला, तर समोरच्याने विचारले, तीन वर्षांत काय केलेत ते दाखवा. हा काय दाखवणार? संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, ही तीन वर्षे मी होतो कुठे?"

मला उत्तर सुचले नाही. फौजीला उत्तर सुचले नाही की तो माहिती काढतो. मीही काढली. मोठे स्टुडिओ गेम रद्द का करतात, आणि रद्द झालेल्या कामाचे पुढे काय होते? एकाच स्टुडिओची तीन उदाहरणे घेऊ, म्हणजे तुलना नीट होईल.

स्टुडिओचे नाव ब्लिझर्ड. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९९१ साली तीन तरुणांनी तो सुरू केला. १९९४ साली त्यांचा 'वॉरक्राफ्ट' आला. त्यात माणसे आणि 'ऑर्क' नावाचे राक्षसी योद्धे यांची लढाई आहे. गेम चालला, दुसरा भागही चालला. मग त्यांनी 'वॉरक्राफ्ट अ‍ॅडव्हेंचर्स' हाती घेतला. त्यात लढाईपेक्षा गोष्ट मोठी होती. थ्रॉल नावाचा ऑर्क माणसांच्या कैदेत गुलाम म्हणून वाढतो, निसटतो आणि आपल्या विखुरलेल्या जमातीला एकत्र आणतो. हाताने काढलेली चित्रे होती, आवाज ध्वनिमुद्रित झाले होते, अ‍ॅनिमेशनचे काम रशियात सेंट पीटर्सबर्गला झाले होते. गेम बराचसा तयार होता. पण तोवर जमाना त्रिमितीय चित्रांचा आला आणि हा गेम त्यापुढे जुना वाटू लागला. मे १९९८ मध्ये ब्लिझर्डने तो रद्द केला. चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, उपयोग झाला नाही.

आता पुढचे पाहा. त्याच गोष्टीवर २००१ साली क्रिस्टी गोल्डन या लेखिकेची कादंबरी निघाली. २००२ साली 'वॉरक्राफ्ट ३' आला, त्यात थ्रॉल हा एक मुख्य नायक होता. गेम मेला, पण पात्र जगले. आणि २०१६ साली त्या रद्द गेमची खेळता येईल अशी प्रत कुठून तरी फुटून इंटरनेटवर आली. अठरा वर्षांनी लोकांनी तो खेळून पाहिला. लक्षात घ्या, प्रत स्टुडिओने दिली नव्हती, ती फुटली होती.

दुसरे उदाहरण 'स्टारक्राफ्ट: घोस्ट'. सप्टेंबर २००२ मध्ये त्याची घोषणा झाली. नोव्हा नावाची एक तरुणी, शत्रूच्या मागे गुपचूप शिरून काम करणारी. आमच्याकडे अशा कामाला कमांडो लागतात. हा गेम टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी होता. एका बाहेरच्या कंपनीला काम दिले, ते तिच्याकडून काढून २००४ साली दुसरीला दिले. २००५ साली ती दुसरी कंपनी ब्लिझर्डने विकतच घेतली. पण इतका वेळ गेला की त्या यंत्रांची पुढची पिढी बाजारात आली. मार्च २००६ मध्ये जाहीर झाले की काम बेमुदत थांबवले आहे. रद्द हा शब्द मात्र कोणी उच्चारेना. तो अधिकृतपणे आला २०१४ साली. म्हणजे आठ वर्षे तो गेम ना जिवंत, ना मेलेला. फौजेत आम्ही याला सर्वांत वाईट हुकूम म्हणतो. 'पुढे जा' चालेल, 'मागे फिरा' चालेल. 'जरा थांबा, सांगतो' असे म्हणून जवानांना उघड्यावर ठेवू नये.

तिसरे उदाहरण 'टायटन', आणि हे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले. जवळपास सात वर्षे ब्लिझर्डची मोठी फळी त्यावर काम करत होती. हजारो लोकांनी इंटरनेटवरून एकाच जगात येऊन खेळायचे, असा बेत. २०१३ साली वरिष्ठांनी काम थांबवून बहुतेक माणसे दुसरीकडे पाठवली आणि एक छोटी तुकडी मागे ठेवली. तिला सांगितले, यातून काही नवे निघते का ते थोड्या वेळात शोधा. सप्टेंबर २०१४ मध्ये टायटन रद्द झाल्याचे प्रमुखांनी उघडपणे सांगितले. कारणही लपवले नाही. खेळायला मजा येत नव्हती, एवढेच. दोनच महिन्यांनी त्या छोट्या तुकडीचा 'ओव्हरवॉच' जाहीर झाला आणि मे २०१६ मध्ये बाजारात येऊन जगभर गाजला. टायटनसाठी सुचलेल्या काही कल्पना त्यात कामाला आल्या.

तीन गेम, तीन शेवट. पहिल्याची गोष्ट वाचली, दुसरा लटकत राहिला, तिसऱ्यातून नवे उभे राहिले. फरक कशाने पडला? रद्द करण्याच्या निर्णयाने नव्हे, कारण तो तिन्ही वेळा झालाच. फरक पडला तो निर्णय वेळेवर झाला का, आणि हातातले काम सांभाळून पुढे दिले का, यामुळे.

आता आमच्या चेन्नईकडे येऊ. या शहरालाही अशी एक जखम आहे. ती गेमची नाही, सिनेमाची आहे. १६ ऑक्टोबर १९९७ रोजी इथल्या एम. जी. आर. फिल्म सिटीत कमल हासन यांच्या 'मरुदनायगम' या चित्रपटाचा शुभारंभ झाला. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ स्वतः सेटवर आल्या होत्या. काही प्रसंग चित्रित झाले. पुढे पैशाचे गणित जमेना, काम थांबले ते थांबलेच.

ज्याच्यावर हा चित्रपट होता तो माणूस आम्हा फौजींना जवळचा. यूसुफ खान, लोकांच्या तोंडी मरुदनायगम. ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी शिपायांचा सेनानी. डिसेंबर १७५८ पासून फ्रेंचांनी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जला वेढा घातला, तेव्हा बाहेरून फ्रेंचांची रसद तोडत राहणाऱ्यांत हा पुढे होता. फेब्रुवारी १७५९ मध्ये वेढा उठला. पुढे मदुरैचा कारभार त्याच्याकडे आला, त्याने कंपनी आणि अर्काटच्या नवाबाविरुद्ध उठाव केला, त्याच्याच माणसांनी त्याला धरून दिले आणि १५ ऑक्टोबर १७६४ रोजी मदुरैला त्याला फाशी झाली.

मी पदवी घेऊन १९८० च्या दशकात परंगीमलैजवळच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. त्या वेढ्यात याच टेकडीच्या आसपास लढाई झाली होती. आम्ही तिथे रोज पहाटे धावायचो आणि हा माणूस कोण ते आम्हाला ठाऊक नव्हते. तो चित्रपट पुरा झाला असता तर साताऱ्या-सांगलीच्या पोरांनाही त्याचे नाव कळले असते. काम रद्द होते तेव्हा नुसता पैसा बुडत नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

तरी सिनेमाला थोडी तरी सोय आहे. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पुस्तकांची तर फारच चांगली सोय आहे. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यांपैकी एक इथेच एग्मोरला आहे, १८९६ साली उघडलेले कॉनेमारा ग्रंथालय. एखाद्या खेड्यातल्या कवीने पदरमोड करून काढलेला संग्रहही तिथे जाऊन बसू शकतो. त्या कायद्यात व्हिडिओ गेम येत नाही. छापून आलेल्या पुस्तकाला आसरा आहे, बाजारात आलेल्या गेमलाही तसा नाही. मग जो बाजारात आलाच नाही, त्याला कोण विचारतो?

इथे मला फौजेची एक पद्धत आठवते. लढाईच्या काळात प्रत्येक पलटण वॉर डायरी लिहिते. रोजचा हुकूम, हालचाल, हवामान, जखमी. हुकूम फिरला तर तेही लिहायचे, वेळेसकट. मी कॅप्टन असताना आमच्या बेताची एक चढाई ऐन वेळी थांबवली गेली. आठवडाभर आम्ही वाट शोधली होती, नकाशे काढले होते. जवान हिरमुसले. आमच्या सीओंनी मला बोलावून सांगितले, "सगळे नीट लिहून ठेव. वाट कुठली, पाणी कुठे, का थांबलो." मला तेव्हा ते कारकुनी वाटले. पुढच्या वर्षी आमच्या जागी आलेली पलटण त्याच कागदाच्या आधाराने त्या डोंगरात फिरली. आमची चढाई झाली नाही, पण आमची वाट कोणाच्या तरी पायाखाली आली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. रद्द करणे हा गुन्हा नाही. कधीकधी तेच शहाणपण असते, टायटनने ते दाखवले. पण ज्यांनी काम केले त्यांच्या नावाची नोंद पुसणे, हे बरोबर नाही. स्टुडिओंनी गुपिते जरूर राखावीत. मात्र गुपिताला मुदत असावी. सरकारी कागदही काही वर्षांनी खुले होतात, मग एका रद्द गेममधल्या भिंती आणि खिडक्या कायमच्या कुलपात कशाला? आणि निदान एक दाखला तरी द्यावा, की या मुलाने अमुक काळ आमच्याकडे अमुक प्रकारचे काम केले.

भाच्याला मी हेच सांगितले. "अरे, गेमचे नाव नको सांगूस. पण तू काय शिकलास ते वहीत लिही. भिंतीवर उजेड कसा पडतो, जिना कसा वळवायचा, कुठे चुकलास. ती विद्या तुझी आहे, ती करारात गेलेली नाही." त्याने वही केली. आता तो स्वतःसाठी एक छोटे शहर बनवतो आहे, मदुरैच्या जुन्या किल्ल्याचे. सध्या एकच बुरूज झाला आहे. रविवारी आला की मला दाखवतो आणि मी चुका काढतो. तटावरची तोफ त्याने चुकीच्या दिशेला ठेवली होती.

तुमच्या घरात असे कोणी असेल, ज्याचे काम कोणी पाहिलेच नाही, तर त्याला एकदा बसवून विचारा, काय केलेस ते सांग. ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.