पेटीच्या पाठीचा इतिहास

संगणकाचा इतिहास सांगणारे प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी पेटीच्या पाठीपासून करतो, कारण संगणक लहान होण्यात पाठीमागच्या पोर्टांचा वाटा मोठा आहे.

नव्वदच्या दशकात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करताना माझा कितीतरी वेळ टेबलाखाली जायचा. कीबोर्डची पिन गोल, माउसचं पोर्ट नऊ पिनांचं, मॉनिटरचं पंधरा, प्रिंटरचं पंचवीस. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल याच पंचवीस पिनांच्या पोर्टात बसायचं आणि प्रिंटरची केबल त्या डोंगलच्या पाठीवर. स्क्रू सैल राहिला की कामच अडलं. स्कॅनर घ्यायचा तर त्याचं स्कझी कार्ड वेगळं. कार्डं वाढली की स्लॉट हवेत, आणि स्लॉट हवेत म्हणून कॅबिनेट उंच.

दोन मॉनिटर जोडणंही आजचं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत मोनोक्रोम आणि रंगीत अशी दोन कार्डं एकत्र चालत, कारण त्यांच्या मेमरीचे पत्ते वेगळे होते. प्रोग्रॅमर एका पडद्यावर कोड ठेवून दुसऱ्यावर परिणाम बघत. १९८७ मध्ये व्हीजीए आलं. अशी दोन कार्डं बसवली तर दोन्ही एकाच पत्त्यावर हक्क सांगत. त्याच वर्षीच्या मॅकिंतॉश टूमध्ये मात्र जादा कार्ड घालून पडदे वाढवता येत. विंडोजवाल्यांना ही सोय थेट विंडोज ९८ मध्ये मिळाली. एका पडद्यावर पान आणि दुसऱ्यावर मजकूर ठेवून पुस्तक लावण्याचं सुख ज्यानं घेतलंय, त्याला या तारखांचं मोल कळेल.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं. इंटेलमध्ये त्यावर काम करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. हब लावत गेलं तर एका कंट्रोलरवर १२७ उपकरणांपर्यंत सोय, आणि प्रत्येकासाठी वेगळं कार्ड नको. पेटीची उंची इथे कमी झाली, असं मी मानतो. १९९८ च्या आयमॅकनं जुनी पोर्टं काढूनच टाकली. २००५ च्या जानेवारीत मॅक मिनी आला: साडेसोळा सेंटिमीटर चौरस, उंची पाच. पण पाठीला यूएसबी दोनच; कीबोर्ड आणि माउस लावले की संपले. मॉनिटरसाठी एकच डीव्हीआय.

लहान पेटीला अनेक पडदे सहज जोडता यावेत, ही वाट डिस्प्लेपोर्ट १.२ नं २०१० मध्ये मोकळी केली. केबल पहिल्या मॉनिटरला, तिथून पुढची दुसऱ्याला. पण केबलची क्षमता सगळ्या पडद्यांत वाटली जाते. २५६० बाय १६०० चे दोन पडदे त्यात मावतात. ४के चे दोन, ६० हर्ट्झला, मावत नाहीत. शिवाय मॅकओएस अशा साखळीतल्या पडद्यांवर वेगवेगळी चित्रं दाखवत नाही, विंडोज दाखवतं. छोट्या पीसीच्या खोक्यावर प्रोसेसर आणि रॅम ठळक छापलेले असतात. किती पडदे, कुठल्या पोर्टातून, किती रिझोल्यूशनला चालतील, हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापायला हवं.