आगमनकाळ : प्रभूची वाट पाहण्याचा काळ

नाताळ जवळ आला की आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत लगबग सुरू होते. ताऱ्यांचे कंदील लागतात, गोठ्याची मांडणी ठरते, कॅरल गाणाऱ्यांच्या तालमी होतात, स्वयंपाकघरात नेवऱ्या व कलकल यांची तयारी चालते. या आनंदात गैर काहीच नाही. परंतु ख्रिस्तसभेने या आठवड्यांना ‘आगमनकाळ’ असे नाव दिले आहे. कोण येणार आहे हे विसरून आपण केवळ काय आणायचे याचीच यादी करीत राहिलो, तर सण येऊन जाईल आणि आपण होतो तेथेच राहू. म्हणून या पवित्र काळाचा अर्थ आपण समजून घेऊ या.

नाव आणि अर्थ

लॅटिन भाषेत ‘अदव्हेंतुस’ म्हणजे आगमन. रोमन सम्राट एखाद्या नगरात समारंभाने प्रवेश करी, त्या प्रसंगालाही हाच शब्द वापरीत. नगरवासी त्याला सामोरे जात. ख्रिस्ती भाविकांनी हा शब्द आपल्या खऱ्या राजासाठी स्वीकारला.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी प्रभूच्या तीन आगमनांविषयी प्रवचन केले आहे. पहिले आगमन बेथलेहेमात देहधारी होऊन झाले. शेवटचे आगमन युगाच्या अंती वैभवाने होईल. या दोहोंच्या मधले आगमन गुप्त आहे. ते आज भाविकाच्या अंतःकरणात होते. पहिले होऊन गेले, शेवटचे केव्हा होईल ते पित्यालाच ठाऊक. मात्र मधल्या आगमनासाठी दार उघडणे आपल्या हाती आहे.

थोडा इतिहास

पाचव्या शतकात गॉल प्रांतातील तूर येथील बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिन यांच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला. पुढे रोमच्या उपासनेत हा काळ चार रविवारांचा झाला. त्याचे श्रेय संत पोप महान ग्रेगरी यांना दिले जाते. मिलान येथील संत अम्ब्रोझ यांच्या उपासनापरंपरेत मात्र तो आजही सहा आठवड्यांचा आहे.

संत आंद्रिया यांच्या सणाला, म्हणजे 30 नोव्हेंबरला, जवळ असलेल्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि त्याच दिवशी नव्या उपासना वर्षाचाही प्रारंभ होतो. त्यामुळे या काळाची लांबी बदलते. 2022 साली तो 27 नोव्हेंबरला सुरू होऊन 28 दिवसांचा झाला. 2023 साली 3 डिसेंबरला सुरू होऊन केवळ 22 दिवसांचा झाला.

चार रविवारांची वाचने

पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गोठा नसतो, बाळ येशू नसतो. तेथे प्रभू युगाच्या अंताविषयी बोलतो आणि जागे राहण्यास सांगतो. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण जो राजा पुन्हा येणार आहे, त्याचाच जन्मदिन आपण साजरा करणार आहोत, याची आठवण ख्रिस्तसभा आपल्याला आधी करून देते.

दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान आपल्यापुढे उभा राहतो. मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी तो तुरुंगात असतो आणि येणारा तो तूच काय, असे आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो. वाट दाखविणाऱ्यालाही वाट पाहताना प्रश्न पडला होता, हा आपल्याला मोठा दिलासा आहे. लूकच्या वर्षी लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना वाळवंटात येऊन राहण्यास सांगत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कोणाला लुबाडू नये, इतकेच तो सांगतो. आगमनकाळाची तयारी आपल्या नित्याच्या व्यवहारातच होते.

चौथ्या रविवारी योसेफाचे स्वप्न, मरियेला मिळालेला देवदूताचा निरोप किंवा मरियेने अलिशिबेला दिलेली भेट यांपैकी एक प्रसंग वाचला जातो. 17 डिसेंबरपासूनची रोजची वाचने आपल्याला प्रभूच्या जन्माकडे थेट घेऊन जातात.

रंग, गीत आणि मेणबत्त्या

या काळाचा रंग जांभळा. तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारी गुलाबी रंग वापरता येतो. आगमनकाळाच्या रविवारी गौरवगीत म्हटले जात नाही. ते देवदूतांचे गीत आपण नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतो. ‘आलेलुया’ मात्र चालूच राहते. उपवासकाळात तसे नसते. आगमनकाळ हा भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ आहे, हे 1969 च्या उपासना नियमांनी स्पष्ट केले आहे.

वेदीजवळच्या हिरव्या चक्राची, ‘ॲडव्हेंट रीथ’ची, प्रथा जर्मनीतील प्रॉटेस्टंट बांधवांकडून आली. 1839 साली हॅम्बुर्ग येथे योहान विखेर्न हे गरीब मुलांचा आश्रम चालवीत होते. नाताळला किती दिवस उरले, असे मुले सारखी विचारीत. त्यांनी एका चाकावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. ज्यांच्यापाशी काही नव्हते, त्या मुलांच्या प्रतीक्षेतून ही प्रथा जन्मली, हे मेणबत्ती पेटविताना आपण आठवावे.

आपण काय करावे?

आजच्या धर्मनियमांनुसार आगमनकाळात उपवासाचे बंधन नाही. म्हणूनच जे करायचे ते आपण स्वेच्छेने करायचे आहे. घरी रोज एकत्र बसून त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे. गर्दीच्या शेवटच्या दिवसांची वाट न पाहता पापनिवेदन करावे. ज्या नातलगाशी अबोला आहे, त्याच्या दारी नाताळपूर्वी जावे. सणाच्या खर्चातील एक वाटा गरजूसाठी बाजूला ठेवावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि आजाऱ्यांची भेट घ्यावी.

या काळातच 3 डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. 1552 साली याच दिवशी, चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत त्यांनी देह ठेवला. ती होडी आली नाही. पण ज्याच्यासाठी ते निघाले होते, तो प्रभू त्यांना भेटला. गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांपुढे गुडघे टेकणाऱ्या आपल्या लोकांना त्यांचे हे अखेरचे दिवस आगमनकाळाचा अर्थ शिकवितात.

आपल्या घरचा गोठा सजेल, तेव्हा आपले अंतःकरणही त्याच्या स्वागतास सिद्ध असो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.